वाचून दाखवले, समजावून सांगितले

१२ जानेवारी

विसरभोळ्या नातीस आशीर्वाद.

ओळख पटावी म्हणून आधी सांगते. मी तुझ्या बापाची आई. उंची बेताची, खालचे दात चार, राहते त्याच दोन खोल्यांत जिथे तू स्वतःचं नाक स्वतः पुसायला शिकलीस. आठवत असेन तर पुढे वाच. नसेन आठवत तर पत्र शेजारच्या बाईला दे, ती तरी उत्तर लिहील.

दर रविवारी पत्र टाकीन म्हणून गेलीस. सात रविवार झाले. मला अक्षर येत नाही, पण मोजता येतं. हॉस्पिटलच्या धुलाईघरात अठ्ठावीस वर्षं चादरी मोजल्यात. तू फोन करतेस ते खरं, पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि ते परत कोणाकडून वाचून घेता येत नाही.

पत्र नेहमीप्रमाणे खालच्या खोलीतले कारकून लिहितायत. तुझे लिहिणारे काका. रिटायर आहेत, एकटे आहेत, अक्षर सुबक आहे, या तिन्ही गोष्टी माझ्या सोयीच्या. त्यांना शुगर आहे, तरी माझ्याकडच्या चहात गुपचूप साखर घालतात आणि चमचा ढवळल्याचा आवाज मला ऐकू येत नाही असं समजतात. आमचा करार तुला माहीत आहेच. मी बोलते तेच लिहायचं, मधे शहाणपण घालायचं नाही, आणि संपलं की सगळं दोनदा वाचून दाखवायचं. पहिल्यांदा ऐकते ते मी बोलले तेच आहे ना बघायला. दुसऱ्यांदा ऐकते ते वाचणाऱ्याचा आवाज कुठे अडखळतो का बघायला.

आता कामाचं. शेजारीण विचारते, नात काय शिकते. मी म्हटलं, वकील होते. कारकून म्हणाले, वकील नाही, पॅरालीगल, वकिलाच्या हाताखाली. मी म्हटलं, हाताखाली म्हणजे नेमकं कुठे? ते त्यांनाही सांगता येईना. तेव्हा तू सांग. तुझी आई तू चार वर्षांची असताना गेली, बाप पाच वर्षांपूर्वी गेला, आता या घरातून बाहेर जाऊन काही होणारं माणूस एक तूच उरलीस. काय होतेयस ते मला कळलं पाहिजे.

आजी

(वरील मजकूर सांगणारीला दोनदा वाचून दाखवला. बरोबर आहे म्हणाल्या. अंगठा त्यांचा. लिहिणारा.)


२३ जानेवारी

प्रिय आजी,

ओळखलं. खालचे दात चार आणि जीभ मात्र बत्तीस दातांची. चुकलं माझं. काकांना नमस्कार सांग, आणि म्हणावं साखरेचं मी कोणाला सांगणार नाही.

ऐक. सकाळी वर्ग असतो, झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर. सव्वीस जण आहोत. खालून मशीनचा आवाज आणि शाईचा वास सतत वर येतो. अर्ज कसा लिहायचा, कुठल्या कागदाची मुदत किती, फाईल कशी लावायची, समोर आलेल्या माणसाला काय काय विचारायचं, हे शिकवतात. दुपारी कायदा मदत केंद्रात प्रत्यक्ष काम. ज्यांना वकील परवडत नाही ती माणसं तिथे येतात. त्यांचं म्हणणं ऐकायचं, कागद तयार करायचा, वकीलबाईंनी तपासला की पुढे पाठवायचा. वकील बोलतो आजी, पण तो जे बोलतो ते आदल्या दिवशी आम्ही लावून ठेवलेलं असतं. हाताखाली म्हणजे तिथे.

असे दोनशे चाळीस तास भरायचे. वहीत बाईंची सही हवी. मे महिन्यात दोन पेपर. आम्ही सहा जण केंद्रात काम करतोय, त्यातल्या दोघांना ते कायम ठेवून घेणार आहेत. त्या दोघांत मला यायचंय. बाबा मला म्हणायचे, या घरात एकाने तरी शुद्धीवर राहून नोकरी करावी, आजोबांसारखं पिऊन मशीनवर जाऊ नये. मी त्यांचं ऐकतेय एवढंच समज.

सगळ्यात जास्त येतात प्रतिज्ञापत्रं. म्हणजे माणूस शपथेवर काय सांगतो ते लिहिलेला कागद. तुझ्यासारखे अंगठा देणारे असले की खाली आम्ही एक ओळ लिहून सही करतो, ‘वरील मजकूर यांना वाचून दाखवले, समजावून सांगितले.’ तुझ्या पत्राखाली काका लिहितात तीच जवळजवळ. मला हसूच आलं. काल मी एका दिवसात अकरा केली. बाई म्हणाल्या, हात चांगला आहे. शब्दन् शब्द वाचत बसलं तर दिवसाला तीन होतात, म्हणून सगळे थोडक्यात सार सांगतात.

खोकला कसा आहे?

तुझी नात


२ फेब्रुवारी

हुशार नातीस आशीर्वाद.

खोकला मजेत आहे. मी पण आहे.

तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. शेजारणीला सांगितलं, वकील जे बोलतो ते माझी नात आदल्या दिवशी लावून ठेवते. ती म्हणाली, म्हणजे धुलाईघरासारखंच, डॉक्टर पाहतो पेशंट पण चादर कोणीतरी आधीच घातलेली असते. बाई अडाणी आहे पण बरोबर बोलली.

त्या ओळीपाशी मी कारकुनांना थांबवलं. परत वाचायला लावली. त्यांचा आवाज दोन्ही वेळा अडखळला. म्हटलं, चष्मा बदला.

एक विचारते. अकरा केलीस म्हणतेस. त्या अकरांपैकी अंगठेवाल्यांना कागद वाचून दाखवलास? सार नाही म्हणत मी. सार मला भाजीवालाही सांगतो. कागद. हो की नाही, एवढंच लिही.

आजी

(दोनदा वाचून दाखवला. बरोबर आहे. लिहिणारा.)


१४ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तू अगदी आमच्या बाईंसारखी उलटतपासणी घेतेस. तुला केंद्रात ठेवून घ्यायला हवं. मी लक्षपूर्वक काम करते, काळजी करू नकोस. इथली पद्धत समजली की तुलाही पटेल. रांग दारापर्यंत असते, बाकावर जागा नसते, म्हाताऱ्या माणसांना फार वेळ बसवलं तर त्यांचेच पाय सुजतात.

परवा एक आजी आल्या होत्या. एका शाळेत घंटा वाजवायचं काम करतात. मुलगी वारली, सहा वर्षांची नात जवळ असते. शाळेच्या दाखल्यासाठी सांभाळ करणारी म्हणून कागद हवा होता. तुझ्यासारख्याच बोलतात. मला म्हणाल्या, ‘बाई, तुमचं वय काय? माझ्या घंटेचं तुमच्यापेक्षा जास्त आहे.’ जाताना पिशवीतून एक संत्रं काढून टेबलावर ठेवलं. नको म्हटलं तर म्हणाल्या, ‘अंगठ्याची शाई पुसायला कागद दिलात ना, त्याबद्दल.’ मला तुझी फार आठवण आली.

एकशे चाळीस तास झाले. बाईंनी सगळ्यांसमोर माझी फाईल दाखवली, अशी लावायची असते म्हणून. नवे बूट घेतले. टाचेला चावतात.

औषध घेतेस ना?

तुझी नात


२५ फेब्रुवारी

नातीस आशीर्वाद.

मी हो की नाही विचारलं होतं. तू दोन पानं लिहिलीस. त्यात हो सापडेना आणि नाहीही सापडेना. वकिलाच्या हाताखाली चांगली तयार होतेयस.

रागावले नाही. एक गोष्ट सांगते, ती ऐक.

तुझे आजोबा पुठ्ठ्याचे खोके करायच्या कारखान्यात कापायच्या मशीनवर होते. गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. चौतीस वर्षं झाली. टेबलावर त्यांचा जेवणाचा डबा आणि बूट ठेवलेले. डब्यात त्या दिवशीचं जेवण तसंच होतं, उघडलंच नव्हतं. तुझा बाप नऊ वर्षांचा, माझा हात धरून उभा. तिथल्या कारकुनाने कागद पुढे केला. मी विचारलं, काय आहे? म्हणाला, वस्तू मिळाल्याची पावती आहे, इथे अंगठा द्या. मी दिला. बूट तुझ्या बापाने उचलले, डबा मी. बूट त्याच्या हातात मावत नव्हते.

कागदावर दहा-बारा ओळी होत्या. एवढं दिसत होतं मला. डबा आणि बुटांना एवढ्या ओळी कशाला लागतात, हे माझ्या मनात आलं होतं गं. आलं आणि गेलं. विचारलं नाही.

तो कागद कशाचा होता ते मला एकतीस वर्षांनी कळलं. आज याच्या पुढे सांगत नाही. कारकुनांचा हात दुखतोय.

आजी

(आज एकदाच वाचून दाखवला. दुसऱ्यांदा नको म्हणाल्या. लिहिणारा.)


४ एप्रिल

आजी,

महिनाभर लिहिलं नाही. विसरले नव्हते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. वाचून दाखवले नाहीत.

घंटावाल्या आजी सोमवारी केंद्रात आल्या. बाकावर बसल्या होत्या. मला पाहिल्यावर उठल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, माझी पोर घेऊन गेले.’ मला आधी समजेचना.

झालं ते असं. त्यांचा कागद मी नव्याने लिहिला नव्हता. कोणीच लिहीत नाही. आधीच्या कुणाची तरी फाईल उघडायची, नाव, वय, पत्ता बदलायचा आणि छापायचं. मी ज्याची फाईल उघडली तो एक आजारी आजोबा होता, नातवाला सांभाळणं जमत नव्हतं म्हणून सोडून देणारा. त्यातला पाचवा मुद्दा पुसायचा राहिला. ‘सदर मुलाचा सांभाळ करण्याची माझी इच्छा नसून त्यास संस्थेत ठेवण्यास माझी हरकत नाही.’ मी मुलाचं मुलगी केलं आजी. एवढं मात्र नीट केलं. बाई त्या दिवशी घाईत होत्या, त्यांनी नावं तपासली आणि सही केली.

मी घंटावाल्या आजींना काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय. ‘आजी, यात एवढंच लिहिलंय की नात तुमच्याजवळ राहील. इथे अंगठा.’ खोटं बोलत नव्हते, मला तसंच वाटत होतं. वाचलं असतं तर पाचव्या मुद्द्याशी त्यांनी टेबल डोक्यावर घेतलं असतं. त्याऐवजी त्यांनी संत्रं दिलं.

कागद शाळेतून बालकल्याण खात्याकडे गेला. तिकडच्या अधिकाऱ्याने पाहिलं, आजीला पोर नको आहे, आणि खाली माझी सही की हे तिला वाचून दाखवलंय. दोन माणसं शाळेत येऊन मुलीला बालगृहात घेऊन गेली. या घंटा वाजवायला गेल्या होत्या.

बाई म्हणतात, मजकुरात चूक झाली असा नवा अर्ज करू. तारीख सहा महिन्यांनंतरची मिळेल. लवकर व्हायचा एकच रस्ता आहे. खाली जिने सही केली तिने शपथेवर सांगायचं की मी वाचून दाखवलं नव्हतं, मग तो कागदच रद्द होतो. पण शपथेवर खोटी ओळ लिहिणाऱ्याला हे शिक्षण पुढे करू देत नाहीत. बाई म्हणाल्या, ‘तू यात पडू नकोस. दोनशे बारा तास झालेत तुझे. अठ्ठावीस राहिलेत.’ वाईट म्हणून नाही म्हणाल्या. मायेने म्हणाल्या.

आजी, मी काय करू?

नात


११ एप्रिल

माझ्या बाळे,

तुझं पत्र कारकुनांनी वाचलं आणि नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले. मीच म्हटलं, काच झिजेल.

काय करू विचारतेस. मी सांगितलं तर ते तू केल्यासारखं होणार नाही, म्हातारीने करायला लावल्यासारखं होईल. आणि मी नुसता अंगठा दिलेली बाई. त्या टेबलाच्या पलीकडे बसायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तिथे बसलेलं माणूस माझ्या ओळखीचं एकच आहे. त्यांना म्हटलं, आता माझं लिहू नका, तुमचं लिहा. मी इथे बसते आहे.

(यापुढचं माझं आहे.)

चि. मुलीस,

मी त्या खोक्यांच्या कारखान्यात कारकून होतो. आजींनी सांगितलेला टेबलापलीकडचा माणूस मी. वय सत्तावीस.

तो कागद वस्तूंची पावती नव्हता. मीच टाइप केला होता म्हणून मला पाठ आहे. ‘माझे पती कामावर दारू पिऊन येत असत. त्या दिवशीही ते प्यालेले होते व मशीनची जाळी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. यात कारखान्याची चूक नाही.’ खाली मी लिहिलं, वाचून दाखवले, समजावून सांगितले, आणि सही केली.

तुझे आजोबा पीत नव्हते. हात आत जाऊ नये म्हणून बसवलेली ती जाळी पंधरा दिवस आधीच काढलेली होती, काम वेगाने व्हावं म्हणून. तो हुकूमही मीच टाइप केला होता. साहेब म्हणाले, जेवणाच्या सुट्टीच्या आत हे उरकून टाक. मी उरकलं. तुझे वडील माझ्याकडे बघत होते म्हणून मी त्यांना टेबलावरची लाल-निळी पेन्सिल दिली. त्यांनी ती घेतली.

यापुढचं मी आजींना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या, म्हणून तुलाही सांगतो. साहेबांनी तो कागद फाटकाजवळच्या फलकावर लावला, इतर कामगारांना धडा म्हणून. पंधरा दिवसांनी आजी उरलेला पगार घ्यायला आल्या. तुझे वडील फलकापुढे थांबले. शाळेत जाणारा मुलगा, ओठ हलवत सगळं वाचलं. शेवटी आईच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. आजी शेजारीच उभ्या होत्या, उशीर होतोय, चल, असं म्हणत. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर जाऊन त्यांना सांगायला वीस पावलं लागली असती.

मला एकतीस वर्षं लागली. रिटायर झालो, बायको गेली, घरात बोलायला कोणी राहिलं नाही, तेव्हा यांचा पत्ता शोधला. आलो तर तुझे वडील दोन वर्षांपूर्वीच गेलेले. भिंतीवर त्यांचा फोटो होता.

आजींनी मला घालवून दिलं नाही. म्हणाल्या, तो कागद आता वाचून दाखवा. मी तोंडपाठ म्हटला. म्हणाल्या, परत. मग म्हणाल्या, खालची खोली रिकामी आहे, माझ्या नजरेसमोर राहा.

मुली, माझी नोकरी टिकली. पुढे हेडक्लार्क झालो. एवढंच मला तुला सांगायचं आहे.

(आता परत आजी.)

ऐकलंस. आता माझं थोडं राहिलंय.

तुझा बाप बारा वर्षांचा असताना शेजारच्या पोराने त्याला बेवड्याचा पोरगा म्हटलं. मी त्या पोराच्या आईशी भांडले, म्हटलं, माझा नवरा शिवत नव्हता दारूला. घरी आल्यावर तुझा बाप मला म्हणाला, ‘तू असं म्हणतेस? तू?’ मला वाटलं, पोर उलट बोलायला लागलं. एक ठेवून दिली. त्यानंतर त्याने बापाचा फोटो उतरवून ट्रंकेत टाकला आणि तो विषय माझ्यापुढे कधी काढला नाही. लोकांनीही मला कधी वाचून दाखवलं नाही. मीच सांगितलेलं मला काय वाचून दाखवायचं, असं त्यांना वाटलं असणार.

तो एकोणतीस वर्षं माझ्या हातचं जेवला आणि मनात ठेवून राहिला की माझ्या आईने माझ्या बापाला विकलं. तसाच गेला.

आता तुझं तू बघ.

आजी

(दोनदा वाचून दाखवला. माझा भागही. बरोबर आहे म्हणाल्या. लिहिणारा.)


९ मे

आजी,

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्र केलं. कुणाची फाईल उघडली नाही, कोऱ्या कागदावर लिहिलं. ‘मी वाचून दाखवले नाही. समजावून सांगितले नाही.’ बाईंनी वाचलं, माझी तासांची वही मागून घेतली आणि खणात ठेवली. म्हणाल्या, ‘घरी जा.’ त्या दोन जागांवर कोणाला घ्यायचं ते ठरलं आहे. पेपरला मला बसता येणार नाही. पुढच्या वर्षी अर्ज करता येईल, पण घेतील की नाही ते मंडळाच्या हातात.

घंटावाल्या आजींचा कागद रद्द झाला. मुलगी सत्तेचाळीस दिवसांनी परत आली. मी गेले होते आणायला.

आजी, ती त्यांच्याजवळ जाईना. बालगृहातल्या कोणीतरी तिला सांगितलं होतं, तुझ्या आजीनेच लिहून दिलंय, तिला तू नको आहेस. दारापाशी लांब उभी राहिली आणि म्हणाली, ‘तू नको म्हणालीस ना?’ त्या नुसत्या नाही, नाही म्हणत राहिल्या. मला समोर बाबा दिसले, बूट धरलेले.

मी तिथे पायरीवर बसले. पिशवीतून माझं प्रतिज्ञापत्र काढलं आणि तिला वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून. शपथ म्हणजे काय ते विचारलं तिने, ते सांगितलं. इच्छा म्हणजे काय, हरकत म्हणजे काय, तेही. मग म्हटलं, ही चूक तुझ्या आजीची नाही, माझी आहे, बघ, खाली माझं नाव. तिने नावावर बोट ठेवलं. मग जाऊन आजींच्या पिशवीचा बंद धरला. हात नाही धरला. पिशवीचा बंद.

वाचायला वीस मिनिटं लागली.

यासोबत एक कागद पाठवतेय. मी शिकलेलं पहिल्यांदा आपल्या घरासाठी वापरलं. काका जे सांगतात ते त्यांच्या नावाने लिहिलंय, तू जे सांगतेस ते तुझ्या नावाने. जाळी कोणी काढली, आजोबा पीत नव्हते, तो मजकूर तुला कोणी वाचून दाखवला नव्हता. काका, तुमची सही पहिल्या भागाखाली. दाखल कुठे करायचं ते मला माहीत नाही. कारखाना राहिला नाही, साहेब राहिले नाहीत. कोणतंही ऑफिस हा कागद घेणार नाही. तरी नीट लिहिलाय, सात मुद्दे आहेत. पाचवा दोनदा तपासला.

मी पुढच्या आठवड्यात घरी येऊ का?

नात


१७ मे

माझ्या वाचणाऱ्या नातीस आशीर्वाद.

येऊ का म्हणून विचारतेस. बघ, विसरलीसच ना शेवटी, हे घर कोणाचं ते.

कागद मिळाला. कारकुनांनी वाचला. पहिल्यांदा ऐकला. दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही, तीन वर्षांत प्रथमच. त्यांनी सही केली. मी अंगठा दिला. शाई पुसायला शेजारणीने कागद दिला, तिला द्यायला माझ्याकडे संत्रं नव्हतं.

दाखल कुठे करायचं म्हणतेस. ते मला माहीत होतं. तुझ्या बापाच्या फोटोसमोर खुर्ची ठेवली आणि कारकुनांना म्हटलं, उभे राहून वाचा. शब्दन् शब्द. सातही मुद्दे. जिथे अवघड शब्द आला तिथे मी समजावून सांगितलं, नऊ वर्षांच्या पोराला सांगावं तसं. पोरगा काही बोलला नाही. जिवंत होता तेव्हाही हेच करायचा. ट्रंकेतून तुझ्या आजोबांचा फोटो काढून शेजारी लावला. कोपरा कसरीने खाल्लाय, पण तोंड शाबूत आहे.

एवढं करून काय झालं म्हणशील तर काही झालं नाही. ज्याला ऐकायला हवं होतं त्याला ऐकू आलं नाही. रात्री-अपरात्री त्याने मला ‘तू?’ म्हणून विचारलेलं मला अजून ऐकू येतं, फोनवरचं येत नाही पण ते येतं. पण त्या पोरीने पिशवीचा बंद धरला. हळूहळू हात धरेल. सहा वर्षांची आहे, तिच्याकडे वेळ आहे.

तुझे तास गेले म्हणून रडत बसू नकोस. पुढच्या वर्षी अर्ज कर. घेतलं नाही तर त्याच्या पुढच्या वर्षी कर. मला या गल्लीत अंगठेवाल्या अकरा बाया माहीत आहेत. प्रत्येकीच्या ट्रंकेत न वाचलेला एक तरी कागद आहे. तोवर त्या वाच.

कारकुनांना माफ केलंस का, असं तू विचारलं नाहीस, बरं केलंस. मला माहीत नाही. पण कागदावर सही केल्यापासून जेवत नाहीत. डबा खाली पाठवला तसा वर येतो, न उघडता. असा डबा मी एकदा पाहिलाय, परत बघवत नाही.

आजी

(दोनदा वाचून दाखवला. बरोबर आहे म्हणाल्या. लिहिणारा.)

ता.क. तेव्हा येताना बिस्किटांचे दोन पुडे आण. एक माझ्यासाठी, मऊ, चहात बुडवल्याबरोबर विरघळतील असा, दातांना तसदी न देणारा. दुसरा कारकुनांसाठी, बिनसाखरेचा. दुकानदार तोंडाने काय सांगतो त्यावर जाऊ नकोस. पुडा हातात घे, फिरव, आणि मागचं सगळं वाच, खालच्या बारीक ओळीसुद्धा. मगच आण.